वहीतला तिसरा रकाना

गेल्या मंगळवारी सकाळी वेवजीला ओट्यावर वाल सोलत बसले होते आणि फोन वाजला. आमच्या ओट्यावर फोन वाजणं हीच मुळात गंमत आहे. गुजरातची हद्द इतकी जवळ की फोन अर्धा दिवस इकडे असतो आणि अर्धा दिवस तिकडे. मी जागची हललेलीही नसते आणि ‘आपले स्वागत आहे’ असा गुजरातीतून संदेश येतो. त्या दिवशी मात्र फोन चक्क महाराष्ट्रात होता.

पलीकडे आमच्या शाखेची नवी प्रमुख होती. नवी म्हणजे माझ्या जागेवर आलेली. निवृत्त होताना मी तिच्या हातात शाखेची शब्दांची वही दिली, त्याला आता दोन महिने होतील. नगरकडची मुलगी. मुलगी म्हणते मी, चाळिशी ओलांडलीय तिनं. आवाज अगदी नम्र, पण हिला काहीतरी सापडलंय हे मला ‘हॅलो’तच कळलं. चूक सापडल्यावर मसुदा करणाऱ्या माणसाच्या आवाजात जो लपवलेला आनंद असतो, तो मी तीस वर्षं ऐकलाय.

“मॅडम, तुमच्या वहीत एक दुरुस्ती करायची आहे. ‘पाडा’ या शब्दासमोर तिसऱ्या रकान्यात ‘माझी’ असं लिहिलंय. अख्ख्या वहीत दुसरीकडे कुठेही प्रथमपुरुष नाही. दुरुस्त करू का?”

“उद्या सांगते,” म्हटलं आणि फोन ठेवला. मग कितीतरी वेळ वाल तसेच मांडीवर राहिले.

आता हे कुणाला समजावं म्हणून थोडं मागून सांगायला हवं. मी विधिमंडळाच्या मसुदा शाखेत उभी हयात काढली. लोकांना वाटतं कायदे मंत्री लिहितात. मंत्री लिहीत नाहीत, आमदारही लिहीत नाहीत. त्यांच्या मनात काहीतरी असतं, ते येऊन सांगतात, आणि त्याची कलमं, पोटकलमं, परंतुकं करणारी माणसं आत एका खोलीत बसलेली असतात. ती आम्ही. सत्ताधारी बाकावरचे यायचे, विरोधी बाकावरचे यायचे. एकदा तर एकाच दिवशी सकाळी एका सदस्यानं एक गोष्ट सक्तीची करण्याचं विधेयक मागितलं आणि दुपारी दुसऱ्यानं त्याच गोष्टीला बंदी घालण्याचं. दोन्ही मसुदे मीच केले, एकाच टेबलावर, एकाच पेनानं. दोघांनीही येऊन आभार मानले, आणि दोघांनाही वाटत होतं की मी मनातून त्यांच्याच बाजूची आहे.

आमच्या साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. “दोघांनी तक्रार केली असती तरी चाललं असतं,” म्हणाले. “एकानंच केली असती तर मात्र मी तुम्हाला बोलावून घेतलं असतं.”

साहेब म्हणजे तेव्हाचे शाखाप्रमुख. चिखल्याचे. डहाणू आणि घोलवडच्या मधे समुद्राला लागून चिखले, तिथं त्यांची चिकूची वाडी. ऑफिसात त्यांच्याकडे पाहून कुणाला वाटलं नसतं की हा माणूस रविवारी लेंगा वर खोचून चिकूच्या झाडांना आळी करतो. पांढरा शर्ट, चष्म्याला दोरी, आणि बोलणं असं तोलून की वाक्य संपल्यावर पूर्णविराम ऐकू यावा. चिडायचे नाहीत. मी चिडायची. शाखेत दोन माणसांचं काम मी करायची आणि तीन माणसांचा राग.

आमच्याकडे एक रीत होती. मसुदा झाला की एकानं मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं समोर प्रत धरून पडताळायचा. विरामचिन्हांसकट. “कलम तीन स्वल्पविराम पोटकलम एक मधील तरतुदींना बाधा न येता स्वल्पविराम” असं अखंड. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं आत पोथी चाललीय. मी नवी असताना घरी आले की आईशी बोलतानाही तोंडात स्वल्पविराम यायचा.

दुसरी रीत साहेबांची स्वतःची. व्याख्यांचं कलम शाखेबाहेरच्या एका तरी माणसाला वाचून दाखवायचं. विधेयक कुणाचं, कुठल्या बाकावरचं, कशासाठी, काही सांगायचं नाही. फक्त ‘अमुक म्हणजे तमुक’ एवढंच वाचायचं आणि तो काय म्हणतो ते ऐकायचं. याला ते ‘परका कान’ म्हणायचे. त्यांचा परका कान म्हणजे काकू, त्यांच्या पत्नी. काकूंना कायद्यात काडीचा रस नव्हता, आणि साहेबांच्या मते हीच त्यांची पात्रता.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे ती वही. जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची, तीन रकान्यांची. पहिल्यात शब्द. दुसऱ्यात अर्थ. तिसऱ्या रकान्याचं शीर्षक ‘कुणाकडून’. शब्दाचा तो अर्थ ज्याच्याकडून कळला, त्याची नोंद तिथे. नाव कधीच नाही, फक्त ओळख. ‘खाजण’समोर ‘डहाणू खाडीवरचे एक मिठागरवाले’. ‘वहिवाट’समोर ‘एक निवृत्त तलाठी’. सदस्यांकडून कळलेल्या शब्दासमोर नुसतं ‘एक सदस्य’, बाक कुठला ते नाही. साहेबांच्या आधीच्या प्रमुखांनी ती वही सुरू केली होती आणि जाताना साहेबांच्या हातात ठेवली होती. म्हणजे खुर्ची कुणाला मिळणार हे वरच्यांच्या सहीनं ठरायचं, पण शाखेत आम्ही बघायचो वही कुणाकडे जाते ते. आजवर दोन्ही एकाच माणसाकडे गेलं होतं.

‘वाडी’ या शब्दासमोर साहेबांनी काय लिहिलं होतं ते ते प्रत्येक नव्या माणसाला दाखवायचे. साहेब चिखल्याचे, त्यांच्यासाठी वाडी म्हणजे चिकूची बाग. तरुणपणी त्यांनी एका मसुद्यात वाडीला शेतजमिनीत टाकून दिलं. तळकोकणातले एक लिपिक प्रत पडताळताना थांबले आणि म्हणाले, “साहेब, आमच्याकडे वाडीत माणसं राहतात हो.” तिसऱ्या रकान्यात साहेबांनी लिहिलं होतं: ‘सावंतवाडीकडचे एक लिपिक. चूक प्रस्तुत मसुदाकाराची, त्यांनी पकडली.’ प्रस्तुत मसुदाकार. ‘माझी’ नाही. “कायद्यात ‘मी’ नसतो,” साहेब म्हणायचे. “आणि आपण कायद्याच्या फार जवळ बसतो, तेव्हा आपल्यातही कमीच असावा.”

आता माझ्याबद्दल. मी वेवजीची. वेवजीचीसुद्धा नाही, वेवजीच्या एका पाड्याची, गावठाणापासून लांब, ताडांच्या पलीकडे. वडील लवकर गेले. आईनं कधी कुणाच्या भातात मजुरी केली, कधी वाडीवर चिकू तोडले, आणि मला तलासरीच्या वसतिगृहात ठेवून शिकवलं. मी वकील झाले, परीक्षा दिली, मसुदा शाखेत लागले. पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, “कुठल्या तुम्ही?”

“डहाणूची.”

“अरे वा. डहाणूत कुठे?”

“स्टेशनजवळ.”

डहाणूच्या माणसाला डहाणू स्टेशन सांगायचं! त्या माणसाला स्टेशनजवळची प्रत्येक गल्ली, प्रत्येक दुकान, कोणाची सून कुठली, सगळं ठाऊक. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, “बरं” म्हणाले, आणि विषय बदलला. मला वाटलं, सुटले. किती बावळट होते मी.

का खोटं बोलले? लाज वाटत होती, दुसरं काय. समोर बसणारी सगळी पुण्या-मुंबईची, इंग्रजी फाडफाड बोलणारी. पाडा म्हटलं की त्यांच्या डोळ्यांत जी दया येते, ती मी कॉलेजात पुरेशी पाहिली होती. रागावलेली बाई म्हणून ओळखलेलं परवडलं, बिचारी म्हणून नको. मग एकदा स्टेशन म्हटलं की पुढे स्टेशनच सांभाळावं लागलं. सेवापुस्तकात स्टेशन, रजेच्या अर्जावर स्टेशन.

पुढे सातआठ वर्षांत मी वर चढले आणि एक दिवस माझ्याकडे एक अशासकीय विधेयक आलं. म्हणजे सरकारचं नव्हे, एका सदस्याचं स्वतःचं. गावांच्या पिण्याच्या पाण्याची सोय आणि ती कुणी राखायची याबद्दलचं. मी व्याख्या लिहिली: ‘गाव म्हणजे महसुली अभिलेखात नोंद असलेले गावठाण’. स्वच्छ, आटोपशीर व्याख्या. शुक्रवारी प्रत टेबलावर ठेवली, एक प्रत पिशवीत टाकली आणि शनिवारी वेवजीला आले.

परक्या कानाची रीत मी पाळत नव्हते, हेही सांगून टाकते. ते मला साहेबांचं खूळ वाटायचं. ‘वाचून दाखवले’ अशी खूण करायची आणि पुढे जायचं. त्या रविवारी मी ओट्यावर बसून कलमं मनाशी म्हणत होते आणि आई शेजारी वालाच्या शेंगा सोलत होती.

“काय पुटपुटतेस?” आई म्हणाली. “वाचायचा त मोठ्यान वाच.”

मी वाचलं. गाव म्हणजे महसुली अभिलेखात नोंद असलेले गावठाण, पूर्णविराम. अभिलेख म्हणजे सरकारी दप्तर, गावठाण म्हणजे गावातली घरांची जागा, हेही सांगितलं. आईचे हात थांबले नाहीत.

“ह्या त गावाला झाला,” ती म्हणाली. “पाड्याचा काय?”

“अगं, पाडा गावातच येतो.”

“मंग मी ‘गावात जाते’ बोलते, तवा कुठं जाते? घरातच बसते?”

खरंच की. आमच्याकडे कुणीही घरून निघताना म्हणतं, गावात जाऊन येतो. म्हणजे पाड्याच्या बाहेर, शाळा, पंचायत, दुकान आहे तिथं. आम्ही गावात राहतच नाही, आम्ही गावात जातो. ज्या बाईनं जन्मभर डोक्यावर हंडे वाहिले, तिच्या मुलीनं पाण्याचा कायदा लिहिला आणि तिचाच पाडा त्याच्या बाहेर ठेवला. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून ही चूक इतकी बेमालूम झाली नसती. शहरातल्या माणसाला पाडा ठाऊक नसतो, म्हणून तो कुणाला तरी विचारतो. मी विचारलं नाही, कारण मला तो ठाऊक होता आणि मी तो रोज लपवत होते.

सोमवारी मी व्याख्या बदलली. ‘म्हणजे’ काढलं. ‘म्हणजे’ लिहिलं की दार बंद होतं, बाहेर राहिला तो राहिला. ‘यात समावेश होतो’ लिहिलं की दार उघडं राहतं. ‘गाव यात गावठाणाबाहेरील पाडा, वाडी, वस्ती व तांडा यांचा समावेश होतो.’ वाचनाला बसलो तेव्हा टेबलावर सगळेच होते. साहेबांनी प्रत खाली ठेवली.

“पाडा कुणाच्या लक्षात आला?”

आमच्यातले दुसरे ज्येष्ठ मसुदाकार माझ्याकडे कौतुकानं पाहत होते. हे गृहस्थ इंग्रजीत असे पक्के की इंग्रजी प्रत त्यांच्या नजरेखालून गेली की पुन्हा पाहावी लागत नसे. त्यांनी माझं कधी कौतुक केलं नव्हतं. मी म्हटलं, “माझ्याच.”

साहेब “बरं” म्हणाले. तोच स्टेशनवाला ‘बरं’.

ते विधेयक मंजूर झालं नाही. अशासकीय विधेयकं बहुतेक मांडली जातात आणि तशीच विरून जातात. पण ती व्याख्या आम्ही पुढे दुसऱ्या मसुद्यांत घेतली, मग तिसऱ्यात, आणि हळूहळू ती शाखेची होऊन गेली. दर वेळी ती वाचली जाताना मी प्रतीत डोकं घालून बसायची.

आठ वर्षं गेली. साहेबांची निवृत्ती जवळ आली. तोवर शाखा अर्धी झाली होती. मंजूर पदं कागदावर होती, खुर्च्या होत्या, माणसं नव्हती. चांगली पोरं दोन वर्षं शिकायची आणि मोठ्या वकिली कंपनीत निघून जायची. त्यांना दोष कसा द्यावा? मसुदाकाराचं नाव कुठंच छापलं जात नाही आणि शिव्या मात्र पोचतात. वाचनाच्या लांब टेबलाला एकेकाळी कोपर टेकवायला जागा नसायची, आता आम्ही एका टोकाला गोळा होऊन बसायचो. अशात बाहेरचा कुणी अधिकारी प्रतिनियुक्तीवर आणून बसवतील अशी बातमी आली. साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. बाहेरचा माणूस वाईट असतो असं नाही, पण त्याला परत जायचं असतं, आणि ज्याला परत जायचं असतं त्याला कुणाला तरी खूश ठेवावं लागतं.

आत राहिलो आम्ही दोघं, ते इंग्रजीवाले आणि मी. एकाच दिवशी रुजू झालेलो. साहेब ज्याचं नाव लिहितील त्याला खुर्ची मिळणार, आणि त्यांनी कुणाचंच लिहिलं नाही तर बाहेरचा येणार. मला ती खुर्ची हवी होती. उगाच विनय कशाला करू? इतकी हवी होती की झोपेत मी तिच्यावर बसून लोकांना ओरडत असायची.

निवृत्तीच्या आधीच्या रविवारी साहेबांचा फोन आला. “चारोटीला भेटू. सकाळी नऊला. तुम्हाला आणि मला सारखंच अंतर पडेल.”

“सर, स्टेशनपासून चिखलं जवळ आहे, मीच घरी येते की,” मी म्हटलं. अजून स्टेशन सांभाळत होते मी.

“चारोटीच बरं,” ते म्हणाले.

तलासरीहून जीपनं चारोटीला उतरेपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डहाणू स्टेशनहून चिखलं हाकेवर. चारोटी सारख्या अंतरावर असेल तर ती फक्त तलासरीकडून येणाऱ्याला.

हायवेला लागून एक साधं हॉटेल आहे, ट्रकवाले थांबतात तसलं. साहेब कोपऱ्यात बसले होते, समोर वही. पिशवीभर चिकू आणले होते, ते आधी माझ्याकडे सरकवले. “घरी द्या,” म्हणाले. चहा आला. बाहेर ट्रक इतके जात होते की बोलताना मधे थांबावं लागे.

“या वहीत एकच जागा रिकामी आहे,” ते म्हणाले. “रिकाम्या जागेसकट मला वही पुढे देता येत नाही. नोट उद्या सकाळी द्यायची आहे.”

त्यांनी पान उघडलं. पहिल्या रकान्यात ‘पाडा’. दुसऱ्यात अर्थ, साहेबांच्या तिरप्या अक्षरात. तिसरा रकाना कोरा. आठ वर्षं कोरा.

मला आधी राग आला. माझं हे नेहमीचंच. “तुम्हाला माहीत होतं?”

“शुक्रवारी मसुद्यात पाडा नव्हता, सोमवारी होता,” साहेब म्हणाले. “मधे रविवार होता. आणि तुमच्या आईच्या आजारपणाचा दाखला दर वेळी तलासरीच्या दवाखान्याचा असतो. स्टेशनजवळची बाई तलासरीला का जाईल?”

“मग तुम्हीच का नाही लिहिलं?”

“मला कुणी सांगितलं नव्हतं. ऐकल्याशिवाय मी या रकान्यात लिहीत नाही.”

त्यांनी पेन वहीवर ठेवलं आणि रस्त्याकडे बघत बसले. मी काय लिहावं हे त्यांनी सांगितलं नाही. ‘प्रस्तुत मसुदाकार’ लिहिलं असतं तर आठ वर्षांपूर्वीचं माझं उत्तर खरं ठरलं असतं आणि माझी लाजही झाकली गेली असती. खरं लिहिलं तर मी टेबलावर सगळ्यांसमोर खोटं बोलले हे माझ्याच अक्षरात त्या वहीत राहणार, आणि खोटं बोलणाऱ्या बाईच्या हातात दोन्ही बाकांचे कागद कोण देईल? मला वाटलं, लिहिलं की खुर्ची गेली. पण डोळ्यांसमोर आईचे ते हात येत राहिले, शेंगा सोलताना न थांबलेले. इतकी वर्षं तिला मी शाखेतच नव्हे, तिच्या तलासरी तालुक्यातसुद्धा राहू दिलं नव्हतं.

मी लिहिलं: ‘आई. वेवजी.’ आणि पाच मिनिटं रडले, हॉटेलात, ट्रकवाल्यांसमोर.

साहेबांनी काही समजूत काढली नाही. शाई वाळेस्तोवर थांबले, वही मिटली आणि चिकूच्या पिशवीशेजारी, माझ्या बाजूला ठेवली.

“उद्या नोट देतो,” म्हणाले. मग पोऱ्याला हाक न मारता स्वतः उठून गल्ल्यापाशी गेले आणि दुसऱ्या चहाचं सांगून आले.

तिथून मी तशीच वेवजीला आले. आई ओट्यावर होती. सत्तरी ओलांडलेली, कमरेत वाकलेली, पण कान तिखट. तिला अक्षरओळख नव्हती. मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं. शब्द, पाडा. अर्थ, अमुक. कुणाकडून, आई, वेवजी.

“ही तू,” मी म्हटलं. “तू सांगितलंस ना पाड्याचं, ते इथं लिहिलंय. कायम.”

मला वाटलं होतं ती हसेल, नाहीतर डोळे पुसेल. तिनं कपाळाला आठी घातली.

“कोणाची आय?”

“म्हणजे?”

“आय लिवलायस, त कोणाची? वेवजीला आया काय कमी हायत?”

“या वहीत कुणाचंच नाव लिहीत नाहीत, आई. तशी रीत आहे.”

“नाव नको लिवू. कोणाची ती त लिव. आमचा पाडा हरवला तसा मी बी हरवन.”

मी पडताळून पाहणाऱ्या माणसासारखी ती नोंद पुन्हा वाचली. तिचं बरोबर होतं. संदिग्ध नोंद होती. साहेबांसमोर, हुंदके देत, मी एक ढिला मसुदा करून आले होते. ‘प्रस्तुत मसुदाकाराची आई’ असं लिहिता आलं असतं. रीतीला धरून तेच होतं. पण ती माझ्याकडे बघत होती, बोट अजून कागदावर, आणि तिच्यासमोर मला प्रस्तुत मसुदाकार होणं जमलं नाही. मी ‘आई’च्या आधी बारीक अक्षरात लिहिलं: ‘माझी’. वाचून दाखवलं. ती “आथा बराबर” म्हणाली आणि चिकू धुवायला घेतले.

आठवड्याभरानं खुर्चीचा आदेश आला. ते इंग्रजीवाले गृहस्थ माझ्या केबिनमधे आले, अभिनंदन केलं, आणि म्हणाले, “वही तुमच्याकडेच बरी. मला नसतं झेपलं, मी इतक्या चुका करत नाही.” मग शेवटपर्यंत आम्ही रोज भांडलो आणि रोज एकमेकांसमोर बसून वाचलं. सेवापुस्तकातला पत्ता मी त्याच महिन्यात बदलून घेतला. साहेब दोन वर्षांनी गेले. मी भेटायला चिखल्याला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, “आता मला काही कळत नाही असं सांगणारं कुणी राहिलं नाही बघ.” आई गेल्या वर्षी गेली, इथंच, याच ओट्यावर. पाड्यावर नळ आला तेव्हा ती होती. तोट्या नीट बसवल्या नाहीत म्हणून ओरडली होती.

मला त्या खोलीची फार आठवण येते. लांब टेबलाची, “स्वल्पविराम” म्हणणाऱ्या कंटाळलेल्या आवाजांची, साहेबांच्या त्या एका ‘बरं’ची. आता मी वाचते ते मनात वाचते, आणि मनात वाचलेलं कुणी दुरुस्त करत नाही.

बुधवारी सकाळी मी नव्या प्रमुखाला फोन लावला. मनात उत्तर तयार होतं. दुरुस्त कर म्हणणार होते. रीत ती रीत, माझ्यासाठी वाकवू नये. चारचौघांत मी हेच शिकवत आले. पण तिनं मला बोलूच दिलं नाही.

“मॅडम, रात्रभर विचार केला. प्रथमपुरुषाचं एक वेळ सोडून देऊ. खरी अडचण वेगळीच आहे. वही आता माझ्याकडे आहे. म्हणजे उद्या मी ही नोंद मोठ्यानं वाचली की ‘माझी आई’ होते ती माझी. वाचणाऱ्याला कळणार कसं, कुणाची आई?”

समोर कालचे वाल, अर्धे सोललेले. हाच प्रश्न, याच ओट्यावर, आणि विचारणारी बाई वेवजीला कधी आलेलीसुद्धा नाही. वहीसाठी माझी निवड चुकली नव्हती.

“मॅडम? आहात ना?”

“आहे,” म्हटलं. “ते तसंच राहू दे. दुरुस्ती नको.”

“मग अर्थ काय घ्यायचा?”

“तिथं मी ‘म्हणजे’ लिहिलेलं नाही,” मी म्हटलं. “समावेश होतो असं समज. तुझीही.”